‘जय संतोषी माँ’ आणि समीक्षकांना न दिसलेलं उष्टं ताट

माजघर

मागच्या शुक्रवारी आईने फर्मान काढलं, तिला ‘जय संतोषी माँ’ बघायचाय. वय ७८, मोबाइलवर दिसत नाही, म्हणून टीव्हीला जोडून दिला. मी शेजारी लसूण सोलत बसले, खरं सांगायचं तर हसायच्या तयारीने. पुठ्ठ्याचे ढग, चमचमणारे मुकुट, नारदमुनींची ये-जा. हसण्यासारखं भरपूर आहे आणि मी हसलेही. आई मात्र शांत. स्वर्गातले प्रसंग चालू असताना ती लसणाची सालं गोळा करत होती, मधूनच सवयीने हात जोडत होती. पण बिरजूच्या दोन भावजया बाकीच्या भावांच्या ताटातलं उरलंसुरलं गोळा करून त्याचं ताट वाढतात, तो प्रसंग आला आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. पाणी प्यायली. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. प्रसंग संपल्यावर परत येऊन बसली.

तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय, म्हणून हा चर्चेचा धागा.

चित्रपट ३० मे १९७५ ला आला. वार शुक्रवार, म्हणजे देवीचाच. दिग्दर्शक विजय शर्मा, निर्माते सतराम रोहरा. देवी अनिता गुहा, सत्यवती कानन कौशल, बिरजू आशीष कुमार. गीतं कवी प्रदीप यांची, संगीत सी. अर्जुन यांचं, आणि घराघरांत पोचलेली ती आरती आपल्या उषा मंगेशकरांची. तिकीटबारीवर गर्दी खेचेल असा नट एकही नाही. भारत भूषण आहे, पण त्याचे दिवस तोवर मागे पडले होते. तरी त्या वर्षीच्या कमाईत ‘दीवार’ आणि ‘शोले’च्या पंगतीला हा जाऊन बसला.

‘शोले’वर पुस्तकं झाली. ‘दीवार’ला फिल्मफेअरच्या बाहुल्या मिळाल्या. याच्या वाट्याला समीक्षकांकडून काय आलं? बहुतेक जणांनी दखलच घेतली नाही, आणि ज्यांनी घेतली त्यांनी चित्रपटापेक्षा प्रेक्षकांबद्दलच जास्त लिहिलं. बायका चपला बाहेर काढतात, पडद्यावर नाणी उधळतात, आरतीच्या वेळी उभ्या राहतात. जणू हे परीक्षण खुर्चीत बसलेल्यांचं होतं.

मला वाटतं, समीक्षक स्वर्ग बघून उठून गेले. ट्रिकसीन कच्चे, देव्यांचं भांडण बालिश, नमस्कार. आणि बायका मुळात आल्या होत्या त्या पृथ्वीवरच्या घरासाठी. सात भावांचं एकत्र कुटुंब, धाकटा न कमावणारा, त्याची नवी बायको, आणि ताटात काय पडतं यावरून ठरणारी माणसाची किंमत. हा कौटुंबिक चित्रपट आहे, वर देवाचा मुकुट घातलेला. तो मुकुट काढून कोणी बघितलाच नाही.

तुमचं काय मत? आणि कोणी थिएटरात पाहिलाय का?

रोखठोक_राव

मत स्पष्ट आहे. पुस्तिकांतून चाललेलं एक व्रत एका चित्रपटाने देशभर नेलं, आणि तुम्ही म्हणताय कौटुंबिक कथा. त्या काळात पोस्टाने येणारी कार्डं विसरलात वाटतं? ‘हे पत्र मिळताच अमुक प्रती लिहून पाठवा, अमक्याने फाडलं त्याचा मुलगा गेला, तमक्याने पाठवलं त्याला लॉटरी लागली.’ माझ्या आजोबांनी एक कार्ड बंबात घातलं तर आजी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही आणि गुपचूप माझ्या आत्याकडून एकवीस कार्डं लिहून घेतली. पोस्टाचं उखळ मात्र पांढरं झालं असणार.

समीक्षकांनी नाक मुरडलं ते योग्यच केलं. सगळ्याच गर्दीला अर्थ असतो असं नाही.

आमसूल

धागा आवडला. आमच्याकडे कोकणात या व्रताने जो हाहाकार उडवला त्याची नोंद एकाही समीक्षकाने घेतली नाही हे खरं. शुक्रवारी आंबट खायचं नाही, शिवायचंही नाही! आमटीत आमसूल नाही, सोलकढी नाही, ताक नाही, माशाच्या कालवणाचा तर प्रश्नच नाही. माझे आजोबा दर शुक्रवारी जेवायला शेजारी जायचे. शेजारणीनेही व्रत धरलं तेव्हा ते म्हणाले, आता मुंबईला मुलाकडे जाऊन राहतो.

(हलके घ्या. माझ्या आयडीवरून लक्षात आलंच असेल की मी पीडित पक्षाचा आहे.)

पिटातला

थिएटरात पाहिलाय का विचारलंत. मी तो बहुधा शंभर वेळा पाहिलाय, पण मागून. वडील तालुक्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. मी नऊ वर्षांचा. शाळा सुटली की केबिनमध्ये. कार्बन जळल्याचा वास, पंख्याची घरघर, आणि भिंतीतल्या चौकोनी भोकातून दिसणारा पडदा.

आमच्याकडे हा चित्रपट मुंबईनंतर बऱ्याच महिन्यांनी आला. प्रिंट इतकी घासलेली की देवी प्रकट व्हायच्या आधीच पडद्यावर पाऊस. पहिल्या दिवशी मालक स्वतः दारात उभे होते, कारण त्यांना बायकांची एवढी गर्दी कधी दिसलीच नव्हती. एरवी आमच्या टॉकीजला जनाना म्हणजे डाव्या हाताच्या चार रांगा, त्याही अर्ध्या रिकाम्या. या वेळी पुरुषांना पिटात ढकलून सगळे स्टॉल बायकांना दिले. बैलगाड्या भरून बायका यायच्या. डबे घेऊन, लेकरं घेऊन. सासवासुना एकत्र येताना मी पहिल्यांदा पाहिल्या, आणि त्या शेजारी बसायच्या नाहीत हेही पाहिलं.

चपलांचं खरं आहे. दाराबाहेर ढीग लागायचा आणि शो सुटल्यावर जी बोंबाबोंब व्हायची ती विचारू नका. शेवटी डोअरकीपरने सुतळी आणून ठेवली, जोड्या बांधायला, पाच पैसे. चित्रपटाच्या कमाईत त्याचा हा वाटा कुठे नोंदलेला नसेल. नाणी पडायची तीही खरी. रात्री झाडताना झाडूवाली मावशी गोळा करायची आणि अर्धी देवळात टाकायची. अर्धी कुठे जायची ते देवीला माहीत.

पण माजघर, तुमच्या मुद्द्याला मी साक्षीदार आहे. आरतीच्या वेळी हॉलमध्ये गलका असायचा. घंटा, टाळ्या, पोरं रडायची, नारळ फुटायचे. आणि ते ताटाचं रीळ लागलं की आवाज बंद. वडील म्हणायचे, या रीळाला मशीनचा आवाज ऐकू येतो. नऊ वर्षांच्या पोराला एवढंच कळत होतं की शेकडो बायका एकदम गप्प झाल्यात आणि काहीतरी भीतिदायक आहे. पुढे भावजया त्या सत्यवतीला छळायला लागल्या की मग शिव्या सुरू. अशा शिव्या, की त्या मी केबिनमध्ये बसून शिकलो.

समीक्षकाला बाल्कनीतून हे ऐकू आलं नसेल. बहुधा तो सकाळच्या प्रेस शोला आला असेल, जिथे कोणीच नसतं.

शेवंता१२

पिटातला, काय लिहिलंय! वेगळा धागा काढा हो ऑपरेटरच्या केबिनवर.

विदुला_म

पिटातला यांना साष्टांग. वाचनखूण साठवली.

माजघर, एक दुरुस्ती आणि एक भर.

‘कोणी बघितलंच नाही’ हे तितकंसं बरोबर नाही. वृत्तपत्रांतल्या समीक्षकांनी नाही बघितलं. अभ्यासकांनी बघितलं. समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांनी चित्रपटानंतर काही वर्षांतच त्यावर निबंध लिहिला. पुढे आयोवा विद्यापीठातले फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी ‘मानुषी’ नियतकालिकात २००२ मध्ये यावर लिहिलं, आणि त्यांचा रोख तुमच्यासारखाच आहे. स्वर्गातल्या लक्ष्मी, पार्वती आणि ब्रह्माणी या तिघी म्हणजे घरातल्या मानाच्या थोरल्या. नवी देवी ही उपरी, कालची आलेली. खाली दुर्गा आणि माया या भावजया सत्यवतीला जे करतात तेच वर या तिघी संतोषीला करू पाहतात. म्हणजे वरचं आणि खालचं घर एकच. मला हे वाचल्यावर पटलं की स्वर्गातलं भांडण बालिश वाटतं कारण आपण त्याला देवादिकांचं समजतो. जावाजावांचं समजा, मग त्यात बालिश काही राहत नाही.

‘शोले’शी तुलना करायची तर एक गंमत आहे. ‘शोले’लाही सुरुवातीला समीक्षकांनी झोडपलं होतं. फिल्मफेअर मिळालं ते एकच, संकलनासाठी, आपल्या एम. एस. शिंद्यांना. पण नंतर समीक्षकांनी त्याला परत घरात घेतलं. संतोषी मातेला मात्र समाजशास्त्राच्या दारातून आत यावं लागलं. तिच्यावर लिहायचं तर ‘लोकश्रद्धेचा नमुना’ म्हणून, चित्रपट म्हणून नाहीच. पटकथा कशी बांधलीय यावर कोणी चकार शब्द काढत नाही.

आणि बांधलीय चांगली. पुस्तिकेतली व्रतकथा काढून वाचा. तिथे म्हातारीला सात मुलं, सहा कमावती, सातवा निकम्मा, आणि त्याला सहांचं उष्टं वाढते ती भावजय नाही, *खुद्द आई*. त्याची बायको त्याच्या लक्षात आणून देते तेव्हा तो डोकं दुखण्याचा बहाणा करून चुलीपाशी पडून राहतो, तोंडावर पातळ फडकं घेऊन त्यातून बघतो. आई सहा ताटांतले लाडवांचे तुकडे गोळा करून त्याचा एक लाडू वळते. वाचताना अंगावर काटा येतो. चित्रपटाने हे पाप आईकडून काढून भावजयांच्या माथी मारलं. का? कारण समोर सासवा बसणार होत्या, त्यांनी तिकीट काढलं होतं. पटकथालेखक प्रेक्षक ओळखून होता. यावर एखाद्या समीक्षकाने लिहिलं असतं तर मजा आली असती.

रोखठोक_राव

विदुला, माहिती छान. पण ‘प्रेक्षक ओळखून होता’ यालाच मी धंदा म्हणतो.

विदुला_म

म्हणा की. प्रेक्षक न ओळखता काढलेले चित्रपट आपण दोघांनीही पाहिलेत, डब्यातच गेले. २००६ साली याच नावाचा नवा चित्रपट आला होता, आठवतो कोणाला? नुसरत भरुचाचा पहिला. श्रद्धा तीच, देवी तीच. नुसत्या श्रद्धेवर चालायचं असतं तर तोही चालला असता.

धाकटी_पाती

इतका वेळ वाचत होते. लिहू की नको करत होते.

तुम्हा सगळ्यांना ते उष्टं ताट कलात्मक वाटतंय. मला आठवतं ते असं: माझ्या आईने सोळा शुक्रवार केले. वडिलांची दारू सुटावी म्हणून. सोळा झाले, उद्यापन झालं, आठ मुलं जेवली, दारू सुटली नाही. मग शेजारची काकू म्हणाली, नक्की कुठेतरी आंबट लागलं असेल. म्हणजे चूक आईची. मग पुन्हा सोळा. दुसऱ्या वेळी मी सातवीत होते आणि शाळेबाहेर चिंच खाल्ली होती. घरी येऊन हात धुतले, तोंड धुतलं, तरी मला खात्री होती की वडील पितात ते माझ्या चिंचेमुळे. किती वर्षं खात्री होती ते लिहीत नाही.

चित्रपटात सत्यवती काय करते? सोसते. भांडी घासते, मार खाते, नवरा परगावी सगळं विसरून व्यापाऱ्याच्या मुलीबरोबर गाणी गातोय, आणि ही गूळ-चणे. त्या भावजयांना ती एक शब्द बोलत नाही. शेवटी न्याय देवीने करायचा. आणि देवी न्याय तरी काय करते? सगळे एकत्र, सगळे खूश, घर फुटत नाही. ज्या घराने उष्टं वाढलं त्याच घरात हिने हसत राहायचं.

समीक्षकांनी दुर्लक्ष केलं याचं मला वाईट वाटतं, पण वेगळ्या कारणाने. एखादीने तरी तेव्हा लिहायला हवं होतं की बायांनो, हे तुमचं दुःख खरं आहे पण उपाय तुम्हाला पुन्हा चुलीपाशीच बसवतोय. हसण्यावारी नेलं म्हणून ते कोणी म्हटलंच नाही.

आमसूल

धाकटी_पाती, वरची चेष्टा माझी होती. हात जोडतो.

पिटातला

ताई, तुमचं बरोबर आहे. मी केबिनमधून शिव्या ऐकल्या आणि मला वाटलं बायका चिडल्यात. चिडल्या होत्याच. पण शो सुटल्यावर त्याच चपलांच्या ढिगातून आपापल्या घरी गेल्या. तिथे पुढे काय झालं ते मला दिसलं नाही.

शार्लटकर

मी अमेरिकेत शार्लटला राहतो, आणि धाकटी_पाती यांचा प्रतिसाद वाचून उडालोच. हुबेहूब हाच वाद इथे झाला होता.

आमच्या गावात चित्रीकरण झालेला ‘वॉर रूम’ नावाचा चित्रपट २०१५ च्या ऑगस्टच्या शेवटी आला. केंड्रिक बंधूंचा. हे दोघं मूळचे जॉर्जियातल्या ऑल्बनीच्या एका बॅप्टिस्ट चर्चमधले, तिथेच चर्चच्या माणसांना घेऊन चित्रपट काढायला लागले. ‘वॉर रूम’चा खर्च सुमारे ३० लाख डॉलर, कमाई ७ कोटींच्या वर. दुसऱ्या आठवड्यात तर देशात पहिल्या नंबरवर. थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना विचारून ‘सिनेमास्कोअर’ नावाची श्रेणी देतात, त्यात याला ए प्लस. आणि समीक्षकांनी सपशेल आपटला.

कथा ऐका. नवराबायको, एक मुलगी. नवरा औषध कंपनीचा विक्रेता, घरी तुसडा, बाहेरगावी दुसऱ्या बाईकडे ओढला जातोय. बायको घरं विकण्याच्या धंद्यात. तिला एक म्हातारी विधवा भेटते, मिस क्लारा, जी आपलं कपड्यांचं कपाट रिकामं करून त्यात बसून प्रार्थना करते. म्हणजे अंगाला भिंती लागतील एवढी खोली, भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. ती हिला सांगते, नवऱ्याशी भांडणं थांबव, कपाटात जा आणि देवावर सोपव. ही कपाटात प्रार्थना करते आणि तिकडे दुसऱ्या गावात त्या बाईबरोबर जेवताना नवऱ्याचं पोट बिघडतं! व्यभिचार टळला. व्यापाऱ्याची मुलगी आणि संतोषी माता, दुसरं काय.

इथल्या समीक्षकांचा मुख्य आक्षेप तोच जो वर आलाय: बाईला गप्प बसायला सांगता, आणि प्रार्थना म्हणजे नाणं टाकलं की बाटली बाहेर पडणारं यंत्र करून टाकता. धार्मिक मंडळींतही सगळे खूश नव्हते. प्रार्थनेचं असं झटपट फळ दाखवणं श्रद्धेलाच धरून नाही असं म्हणणारे त्यांच्यातच होते. पण माझी एक सहकारी, चांगली पन्नाशीची, कृष्णवर्णीय, दोन मुलं एकटीने वाढवलेली, ती चर्चच्या बायकांबरोबर तीनदा बघून आली. मी जरा खवचटपणे विचारलं, आवडलं काय त्यात? म्हणाली, पडद्यावर माझ्यासारखी म्हातारी बाई कोणाला तरी अक्कल शिकवतेय आणि सगळे ऐकतायत, हे मी याआधी कधी बघितलं होतं ते सांग. मला सांगता आलं नाही.

जाता जाता, ‘कपाट’ ऐकून आमच्या हिने देवघराकडे बघितलं. आमचंही देवघर इथे कपड्यांच्या कपाटातच आहे. जागेअभावी.

विदुला_म

शार्लटकर, उत्तम भर. तुमच्या सहकारीचं उत्तर वाचून वाटलं, आपल्याकडेही हेच असेल. त्या काळात हिंदी पडद्यावर गरीब घरातल्या सुनेच्या दिवसभराच्या कामाला किती मिनिटं मिळत होती? ‘दीवार’मधली आई विटा उचलते, पण कथा मुलांची. इथे कथा सुनेची. दोन तासांहून जास्त वेळ तिच्याबरोबरच.

आणि व्रताचा खर्च बघा. सव्वा रुपयाचा गूळ-चणा. ब्राह्मण नको, मुहूर्त नको, दक्षिणा नको, नवऱ्याची परवानगी नको. महागाईच्या त्या वर्षांत सत्यनारायणाच्या मानाने हे फारच परवडणारं होतं. धाकटी_पातींचा आक्षेप मान्य करूनही मला हे खोडता येत नाही.

शेवंता१२

मला एक वेगळंच सुचतंय. आपल्या कहाण्या आठवा. श्रावणातल्या शुक्रवारची कहाणी! भाऊ सहस्रभोजन घालतो, गरीब बहिणीला बोलवत नाही. ती पोरांना घेऊन आपणहून जाते, तर तिला पंगतीतून हाताला धरून उठवतो. मग देवीच्या कृपेने बहीण श्रीमंत होते, भाऊ घाईघाईने आमंत्रण घेऊन येतो. आणि ती पानावर बसल्यावर एकेक घास दागिन्यांवर ठेवत जाते. भाऊ विचारतो हे काय, तर म्हणते, ज्यांना बोलावलंस त्यांना जेवू घालतेय.

माझी आजी हे वाचताना दरवर्षी इथे थांबायची आणि चष्मा पुसायची. पोथीत देवी किती ओळी आणि भाऊबहीण किती ओळी हे मोजून बघा. आपल्या व्रतांमध्ये देव नेहमी पाहुणा असतो, गोष्ट घरातल्यांची. ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ म्हणतो आणि निघून जातो.

आणि धाकटी_पाती, बघा, आमच्या कहाणीतली बहीण गप्प बसत नाही. भर पंगतीत भावाचं नाक कापते. हिंदी सत्यवतीपेक्षा आमची बाई बरी.

धाकटी_पाती

शेवंता, हे आवडलं. ही कहाणी माझ्या आईला माहीत असणारच. तरी तिने सोळा शुक्रवार धरले, श्रावणातला शुक्रवार नाही. कारण पिक्चर ते सांगत होता.

गुगली

माझे दोन पैसे. आपल्याकडे ‘अष्टविनायक’ (१९७९) आहे की. श्रद्धा, घर, कारखाना, न मानणारा मुलगा. त्याला कोणी अंधश्रद्धा म्हणून हिणवत नाही. कारण वसंतराव देशपांडे आहेत, गाणी जगदीश खेबुडकर आणि शांताबाईंची आहेत. श्रद्धा शास्त्रीय संगीतातून आली की सुसंस्कृत, आणि सी. अर्जुनच्या ढोलकीतून आली की भाबडी. असंच ना?

रोखठोक_राव

गुगली, हा प्रश्न बरा आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. ‘अष्टविनायक’ मी आवडीने पाहतो. घरी सीडी आहे. विचार करून लिहितो.

(हे वाक्य या संस्थळावर मी पहिल्यांदा लिहितोय, नोंद घ्यावी.)

शेवंता१२

नोंद घेतली. स्क्रीनशॉटही घेतला.

पिटातला

अनिता गुहांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. त्या १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये सीता होत्या, त्यामुळे लोक आधीच पाया पडत. संतोषी माता त्यांना आधी माहीतही नव्हती म्हणे. पडद्यावर तशा त्या थोडाच वेळ आहेत. पण नंतर लोक आशीर्वादासाठी लेकरं घेऊन त्यांच्या घरी जायचे. २००७ साली गेल्या. आमच्या टॉकीजच्या ऑफिसात त्यांचा फोटो होता, हार घातलेला, त्या हयात असताना! वडिलांनी एकदा मालकांना सांगितलं की साहेब, जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. मालक म्हणाले, तो त्यांचा नाही, देवीचा आहे. आणि उदबत्ती लावली.

अभिनयाबद्दल मात्र त्यांना कोणी विचारलं नसेल. देवीला कोण विचारतं, हा प्रसंग कसा केलात म्हणून?

माजघर

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत नाही, पण धाकटी_पाती, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धागा काढताना मी समीक्षकांना जे म्हणत होते त्यातलं थोडं मलाही लागू होतं. प्रसंगाचं कौतुक करताना तो कोणाच्या घरात घडला ते मी विसरले.

विदुला, ‘कोणीच बघितलं नाही’ मागे घेते.

काल आईला हे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. पिटातलांच्या सुतळीवर ती खूप हसली. तिच्या मावशीच्या चपला अशाच एका शोला गेल्या होत्या, बिचारी अनवाणी घरी आली आणि लोकांना वाटलं नवस बोललीय. मग मी भीत भीत विचारलं, त्या दिवशी उठून का गेलीस? म्हणाली, ओटा पुसायचा होता.

पुढे विचारलं नाही. पण थोड्या वेळाने तीच म्हणाली, तुझ्या त्या लिहिणाऱ्यांना एक सांग. उद्यापनाच्या जेवणात त्या दोघी भावजया आंबट कालवतात ना, ते पकडलं का जात नाही माहितेय? नैवेद्याचं आधी कोणी चाखत नाही. ज्याने ही गोष्ट रचली तो कधीतरी स्वयंपाकघरात बसलेला माणूस होता.

आणि येत्या शुक्रवारी मोठ्या काकूला जेवायला बोलव म्हणाली. आईची थोरली जाऊ, वय ८४. पिक्चर पुन्हा लावायचाय, काकूने पाहिलेला नाही. स्वयंपाक आई करणार आहे, ताटं मी वाढायची असं ठरलंय.